पाचू : रंगाचे मोल आणि दोषांची साक्ष

हिऱ्यात बारीकसा दोष आढळला की त्याची किंमत उतरते. पाचूच्या बाबतीत याच्या उलट घडते. भिंगाखाली धरलेल्या पाचूत एकही रेघ, एकही ठिपका दिसला नाही, तर जाणकार जव्हेरी प्रथम साशंक होतो. इतका स्वच्छ पाचू निसर्गात अत्यंत क्वचित सापडतो आणि सापडलाच तर त्याची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेरची असते. त्यामुळे माफक दरात मिळणारा, मोठा, गडद हिरवा आणि निर्दोष खडा बहुधा कारखान्यात तयार झालेला असतो किंवा काचेचा असतो. या रत्नाची पारख करताना नेमकी हीच गोष्ट लक्षात घेतली जात नाही आणि फसवणुकीला वाव मिळतो.

संस्कृतात मरकत, मराठीत पाच किंवा पाचू आणि बाजारात पन्ना अशा नावांनी ओळखले जाणारे हे रत्न नवरत्नांपैकी एक आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त रत्नपरीक्षेच्या प्रकरणांमध्ये हिरा, मोती आणि माणिक यांच्याबरोबर मरकतालाही स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. ज्योतिषशास्त्रात पाचू हे बुधाचे रत्न मानले जाते. त्यामुळे दागिन्याची हौस नसलेल्या घरांतही करंगळीतील अंगठीसाठी पाचू विकत घेतला जातो. या ग्राहकाला बहुधा ‘निर्दोष खडा घ्या’ असा सल्ला मिळालेला असतो आणि खर्चाची मर्यादाही ठरलेली असते. या दोन अटी एकत्र आल्या की नैसर्गिक पाचू मिळण्याची शक्यता फारच कमी उरते.

हिरवा रंग येतो कोठून?

पाचू हा बेरिल या खनिजाचा एक प्रकार आहे. रासायनिकदृष्ट्या बेरिल म्हणजे बेरिलियम आणि अॅल्युमिनियम यांचे सिलिकेट. त्याचे स्फटिक षट्कोनी स्तंभासारखे असतात. शुद्ध बेरिलला रंग नसतो. त्यात लोहाचा अंश मिसळला की निळसर अॅक्वामरीन तयार होतो, मँगनीजमुळे गुलाबी मॉर्गनाइट बनतो आणि क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश असला की हिरवागार पाचू जन्माला येतो. हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात असूनही प्रकाशातील तांबडा-पिवळा आणि निळा-जांभळा भाग शोषून घेते. त्यामुळे डोळ्यांपर्यंत मुख्यतः हिरवा रंग पोहोचतो.

पाचू दुर्मीळ असण्याचे कारणही याच रसायनात आहे. बेरिलियम प्रामुख्याने ग्रॅनाइटाशी संबंधित खडकांत आढळते, तर क्रोमियम पृथ्वीच्या खोल भागातून वर आलेल्या, अगदी वेगळ्या जातीच्या खडकांत असते. ही दोन मूलद्रव्ये सहसा एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. भूगर्भातील उलथापालथ किंवा उष्ण द्रवांचा प्रवाह यामुळे त्यांची गाठ पडते, तेव्हाच पाचू घडतो. अशा खळबळीत वाढणाऱ्या स्फटिकाला तडे जातात आणि त्याच्या पोटात द्रवाचे थेंब, वायूचे बुडबुडे व इतर खनिजांचे कण अडकून राहतात. याच खुणांना युरोपातील जव्हेरी कौतुकाने ‘जार्दां’, म्हणजे बाग, असे म्हणतात.

पाचूची कठिनता मोजमापाच्या दहा अंकी श्रेणीत साडेसात ते आठ इतकी आहे. म्हणजे त्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही. तथापि, कठीण असणे आणि मजबूत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंतर्गत तड्यांमुळे पाचू ठिसूळ असतो आणि कडेला बसलेल्या लहानशा आघातानेही त्याचा टवका उडू शकतो. चौकोनाचे चारही कोपरे छाटून केलेला अष्टकोनी आकार ‘एमराल्ड कट’ या नावानेच प्रसिद्ध झाला, त्यामागे कोपऱ्यांचे रक्षण हेही एक कारण आहे.

खाणींचा भूगोल

आज बाजारात येणाऱ्या पाचूचे तीन प्रमुख स्रोत आहेत : दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया व ब्राझील आणि आफ्रिकेतील झांबिया. कोलंबियातील मुझो, कोस्कुएझ आणि चिव्होर या खाणी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. तेथील पाचू काळ्या शेल खडकात, उष्ण व खारट द्रवांपासून तयार झाला. त्याच्या पोटातील सूक्ष्म पोकळीत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा घनाकृती स्फटिक हे तिन्ही एकत्र दिसतात. कोलंबियातच ‘त्रापिचे’ नावाचा एक विलक्षण प्रकार सापडतो. त्यात मध्यापासून निघालेल्या सहा काळ्या आऱ्या दिसतात. स्पॅनिश भाषेत त्रापिचे म्हणजे उसाचा चरक आणि त्याच्या चाकावरून हे नाव पडले आहे.

झांबियातील काफुबू परिसरातील पाचू अभ्रकयुक्त शिस्ट खडकात सापडतो. त्यात लोहाचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने रंगात निळसर झाक असते. तेथील कागेम खाणीत २०१० मध्ये ६,२२५ कॅरटचा, २०१८ मध्ये ५,६५५ कॅरटचा आणि २०२१ मध्ये ७,५२५ कॅरटचा कच्चा स्फटिक सापडला. याखेरीज अफगाणिस्तानातील पंजशीर, पाकिस्तानातील स्वात, रशियातील उरल पर्वत आणि झिम्बाब्वेतील सँडावाना येथील पाचूही जाणकारांना परिचित आहे. भारतात राजस्थानच्या अजमेर ते राजसमंद या पट्ट्यात १९४० च्या दशकात पाचू सापडला. तथापि, जागतिक बाजारात भारताचे स्थान खाणींपेक्षा कारागिरीमुळे मोठे आहे. जगभरातून येणाऱ्या कच्च्या पाचूला पैलू पाडण्याचे जयपूर हे एक अग्रगण्य केंद्र आहे.

गोव्यातून मोगल दरबारात

भारतीय राजघराण्यांच्या जवाहिरखान्यांतील मोठमोठे पाचू पाहिले की ते याच भूमीतील असावेत, असा समज होतो. इतिहास वेगळा आहे. १६व्या शतकात स्पॅनिशांनी कोलंबियातील खाणी ताब्यात घेतल्या आणि तेथील पाचू युरोपात जाऊ लागला. त्याला सर्वांत मोठे गिऱ्हाईक मात्र पूर्वेत मिळाले. लिस्बनमार्गे पोर्तुगीजांच्या गोव्यात आणि तेथून मोगल व दख्खनी दरबारांत पाचूचा ओघ सुरू झाला. गोवा त्या काळी रत्नांच्या व्यापाराची महत्त्वाची पेठ होती.

मोगल कारागिरांनी या खड्यांवर फुले-पाने आणि अक्षरे कोरली. ‘मोगल मुघल’ या नावाने ओळखला जाणारा २१७.८० कॅरटचा पाचू हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या एका बाजूवर शिया पंथीयांची प्रार्थना आणि हिजरी सन ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६, कोरलेले आहे. तो काळ सुन्नी पंथीय औरंगजेबाच्या राजवटीचा असल्याने हा पाचू कोणासाठी कोरला गेला असावा, याविषयी अभ्यासकांना कुतूहल वाटत आले आहे. २००१ मध्ये लंडनमधील लिलावात तो १५ लाख ४३ हजार ७५० पौंडांना विकला गेला.

जुन्या घराण्यांतील उत्तम पाचूंना व्यापारी ‘जुन्या खाणीचा माल’ म्हणत आणि त्या खाणी आशियात कोठेतरी होत्या व पुढे विस्मृतीत गेल्या, असे सांगितले जाई. जानेवारी २००० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात गास्तों ज्युलियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि ही आख्यायिका तपासली गेली. स्फटिकातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण खाणीगणिक बदलते. त्यावरून खड्याचे मूळ ठरविण्याची ही पद्धत होती. हैदराबादच्या निजामाच्या खजिन्यातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार ‘जुन्या’ पाचूंपैकी तीन कोलंबियाचे आणि एक पंजशीरचा निघाला. निजामाच्या जवाहिरांपैकी मोठा संग्रह भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतला असून त्यातही पाचूचे अनेक अलंकार आहेत. खड्याबरोबर सांगितली जाणारी कहाणी कितीही राजेशाही असली तरी ती पुरावा ठरत नाही, हा धडा या संशोधनाने दिला.

मोल कशावर ठरते?

पाचूच्या किमतीत सर्वाधिक वाटा रंगाचा असतो. रंगाचा विचार तीन अंगांनी केला जातो : मूळ छटा, गडदपणा आणि तेजस्वीपणा. शुद्ध हिरवा किंवा किंचित निळसर हिरवा रंग श्रेष्ठ समजला जातो. पिवळसर झाक वाढली की किंमत उतरते. रंग फार फिका असला तर अनेक प्रयोगशाळा त्या खड्याला पाचू न म्हणता केवळ हिरवा बेरिल म्हणतात. उलट तो अतिगडद असला तर खडा काळपट आणि निस्तेज दिसतो. रंग खड्यात सर्वत्र सारखा पसरलेला असणेही महत्त्वाचे असते.

स्वच्छतेचा निकष पाचूला सैलपणे लावला जातो. नुसत्या डोळ्यांना दोष दिसणार नाहीत इतका स्वच्छ पाचू उत्तम मानतात. दोष कोणते आहेत यापेक्षा ते कोठे आहेत, हे अधिक महत्त्वाचे ठरते. मध्यभागी असलेला धूसर पट्टा खड्याचे तेज घालवतो, तर पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला तडा त्याच्या टिकाऊपणाला धोका निर्माण करतो.

वजन वाढले की प्रतिकॅरट दरही वाढतो, कारण मोठा आणि चांगल्या रंगाचा पाचू विरळा असतो. तरीही केवळ वजन म्हणजे मोल नव्हे. २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे लिलावात विकला गेलेला ‘रॉकफेलर एमराल्ड’ अवघा १८.०४ कॅरटचा होता. त्याला सुमारे ५५ लाख डॉलर, म्हणजे प्रतिकॅरट तीन लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. जिनिव्हा येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये विकला गेलेला ३७ कॅरटचा ‘आगा खान एमराल्ड’ एकूण किमतीत त्याच्या पुढे गेला. त्याला सुमारे ९० लाख डॉलर मिळाले, पण प्रतिकॅरट दर रॉकफेलर पाचूपेक्षा कमीच पडला. रॉकफेलर पाचू कोलंबियाचा, उत्तम रंगाचा होता आणि त्याचे तडे झाकण्यासाठी त्यात काहीही भरलेले नव्हते. पाचूच्या व्यापारातील सर्वांत नाजूक प्रश्न या शेवटच्या मुद्द्याशी निगडित आहे.

तेल : जुनी रीत, नवा प्रश्न

बाजारात येणाऱ्या बहुसंख्य पाचूंवर तेलाची प्रक्रिया केलेली असते. ही रीत शतकांपासून चालत आली आहे आणि व्यापारात ती मान्य आहे. तड्यात हवा असते तेव्हा प्रकाश तेथे परावर्तित होतो आणि तडा चकाकतो. पाचूचा वक्रीभवनांक सुमारे १.५७ ते १.५८ असून देवदार वर्गातील वृक्षाच्या तेलाचा सुमारे १.५१ आहे. हे अंक जवळचे असल्याने तड्यात तेल शिरले की प्रकाश फारसा अडखळत नाही आणि तडा दिसेनासा होतो. खडा स्वच्छ दिसतो, पण तडा तेथेच असतो.

पूर्वी केवळ तेल वापरले जात असे. १९८० च्या दशकापासून इपॉक्सी रेझिनचा वापर वाढला. रेझिनचा वक्रीभवनांक पाचूच्या अधिक जवळ असल्याने मोठे तडेही लपतात. मात्र काळाच्या ओघात काही रेझिन पिवळट किंवा धूसर होतात आणि ते काढून टाकणे तेलाइतके सोपे नसते. हिरवा रंग मिसळलेले तेल हा त्याहून आक्षेपार्ह प्रकार होय. भारतीय बाजारात ते ‘जोबन’ तेल म्हणून ओळखले जाते. रंगहीन तेल दोष झाकते, रंगीत तेल मात्र खड्यात नसलेला रंगच विकते.

प्रक्रिया करण्यापेक्षा ती न सांगणे अधिक गंभीर असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत न सांगता भरलेल्या पाचूंवरून वाद उद्भवले, प्रसारमाध्यमांनी ते उचलून धरले आणि पाचूच्या एकूण मागणीला जबर धक्का बसला. त्यानंतर नामांकित प्रयोगशाळांनी प्रक्रियेचे प्रमाण अहवालात नोंदविण्यावर भर दिला. अल्प, मध्यम आणि लक्षणीय अशा श्रेणी आता रूढ झाल्या आहेत. रंग, वजन आणि मूळ देश सारखा असलेल्या दोन खड्यांपैकी ‘प्रक्रिया नाही’ असा अहवाल असलेला खडा ‘लक्षणीय प्रक्रिया’ असलेल्या खड्याच्या अनेक पटींनी महाग असू शकतो. दुकानात दोन्ही खडे शेजारी ठेवले तर सामान्य ग्राहकाला ते सारखेच भासतील.

कृत्रिम आणि नकली यांत फरक

कृत्रिम पाचू आणि नकली पाचू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कृत्रिम पाचूचे रसायन व स्फटिकरचना नैसर्गिक पाचूसारखीच असते, फक्त तो प्रयोगशाळेत वाढविलेला असतो. अमेरिकेतील कॅरोल चॅटहॅम आणि फ्रान्समधील पियर जिल्सन यांनी विसाव्या शतकात अशा पाचूंचे व्यापारी उत्पादन केले. वितळलेल्या क्षारांतून किंवा उच्च दाबाच्या उष्ण जलद्रावणातून हे स्फटिक वाढवितात. कृत्रिम म्हणून सांगून, योग्य दरात विकल्यास त्यात गैर काहीच नाही. नैसर्गिक म्हणून विकल्यास मात्र ती फसवणूक ठरते.

नकली पाचू म्हणजे हिरवी काच, रंगविलेला ऑनिक्स किंवा दोन रंगहीन तुकड्यांमध्ये हिरवा थर चिकटवून केलेला जोडखडा. हिरवा तुरमाळी किंवा हिरवा गार्नेट ही अस्सल रत्ने असली तरी ती पाचू नव्हेत.

खरेपणा पडताळण्याच्या अनेक घरगुती कसोट्या सांगितल्या जातात. खडा दुधात टाकल्यास दूध हिरवट दिसावे, ही त्यांपैकी एक. हिरवी काचही तोच परिणाम घडवू शकते. काही दुकानांत ‘चेल्सी फिल्टर’ दाखविला जातो. १९३० च्या दशकात लंडनमध्ये विकसित झालेल्या या गाळणीतून कोलंबियाचे अनेक पाचू लालसर दिसतात. परंतु बहुतेक कृत्रिम पाचूही त्यातून लाल दिसतात, तर लोह अधिक असलेले झांबियाचे व भारतीय अस्सल पाचू कित्येकदा हिरवेच राहतात. त्यामुळे लाल दिसले म्हणजे खरा आणि हिरवे दिसले म्हणजे खोटा, हा निष्कर्ष चुकीचा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या अंतर्गत खुणा, वक्रीभवनांक, विशिष्ट गुरुत्व आणि अवरक्त किरणांची वर्णपटचाचणी यांच्या एकत्रित विचारानेच निश्चित उत्तर मिळते.

खरेदी करताना

पाचूचे वजन कॅरटमध्ये मागावे. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. राशीच्या खड्यांच्या व्यवहारात रत्तीचे माप अजून प्रचलित आहे, पण ते सर्वत्र एकसारखे नाही. पक्की रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅम, तर कच्ची रत्ती सुमारे ०.१२ ग्रॅम धरली जाते. म्हणजे पाच रत्तींचा खडा एका हिशोबाने साडेचार कॅरटचा, तर दुसऱ्या हिशोबाने केवळ तीन कॅरटचा भरतो.

खडा दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावा. शक्य असल्यास तो सुटा असतानाच निवडावा. कुंदनकामात खड्याची मागील बाजू बंद असते आणि तळाशी चकचकीत डांक लावलेला असतो. त्यामुळे फिका खडाही गडद भासतो. अशा जुन्या दागिन्यातील पाचूचे मूल्यमापन तो कोंदणातून काढल्याशिवाय नीट होत नाही.

महागड्या खड्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा आणि त्यात तीन गोष्टी तपासाव्यात : खडा नैसर्गिक आहे का, त्यात काही भरले आहे का आणि भरले असल्यास किती. खड्याचे मूळ कोणत्या देशातील, हे अनेक अहवालांत वेगळे शुल्क घेऊन नमूद केले जाते. कोलंबियाच्या नावाला अधिक दर मिळतो, परंतु त्या देशातही सुमार दर्जाचा पाचू निघतो आणि झांबियातही अप्रतिम. दागिन्यावरील हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, त्यात बसविलेल्या खड्याची नव्हे. म्हणून पक्क्या पावतीवर ‘नैसर्गिक पाचू’ हे शब्द, कॅरटमधील वजन आणि केलेली प्रक्रिया यांचा स्पष्ट उल्लेख असावा. पुढे वाद उद्भवल्यास ग्राहकाच्या हाती तोच आधार राहतो.

निगा आणि विश्वास

पाचूची निगा राखणे अवघड नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरेसे असते. ध्वनिलहरींच्या यंत्रात किंवा वाफेने पाचू कधीही स्वच्छ करू नये. उष्णतेने आणि कंपनांनी तड्यांतील तेल निघून जाते आणि तडे वाढूही शकतात. अॅसिटोन, स्पिरिट यांसारखे द्रावही तेल विरघळवितात. दागिन्याला डाग द्यायचा असल्यास पाचू आधी काढून घेणे श्रेयस्कर.

या साध्या माहितीच्या अभावी अनेकदा गैरसमज होतात. आजीच्या अंगठीतील पाचू पॉलिशसाठी सराफाकडे दिला जातो आणि परत येतो तो फिका व रेघाळलेला. खडा बदलल्याचा संशय सराफावर घेतला जातो. प्रत्यक्षात खडा तोच असण्याचीही शक्यता असते. केवळ वर्षानुवर्षे तड्यांत मुरलेले तेल यंत्रात निघून गेलेले असते. जाणकाराकडून पुन्हा तेल भरून घेतल्यास त्याचे रूप बऱ्याच अंशी परत येऊ शकते. काम देण्यापूर्वी खड्याचे वजन आणि भिंगाखालील एक छायाचित्र नोंदवून ठेवले, तर संशयाला जागा उरत नाही. पाचूतील रेघा माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या असतात. एका खड्यातील रेघा दुसऱ्यात तशाच सापडत नाहीत. ज्या दोषांमुळे पाचू नाजूक ठरतो, त्यांच्यामुळेच तो ओळखता येतो.